धान्याचा कायदा आणि डाळीचा प्रश्न

(रुग्णालयाच्या वर्धापनदिन समारंभात छातीविकार विभागातील ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरात किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणती नवी यंत्रसामग्री आली, किती गरजू रुग्णांना मोफत उपचार मिळाले, याचा हिशेब वर्धापनदिनी मांडण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. सचिवांनी तो नुकताच आपल्यासमोर ठेवला. मला मात्र आज ज्या गोष्टीविषयी बोलायचे आहे, तिची नोंद आपल्या केसपेपरवर कोठेही होत नाही. ती म्हणजे घरी परतल्यावर रुग्णाच्या ताटात काय पडते, ही.

एका प्रसंगाने सुरुवात करतो. २०२१ सालच्या हिवाळ्यात मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी आलेले एक कुटुंब आपल्याकडे आले होते. कर्त्या पुरुषाला फुप्फुसाचा क्षय झाला होता. नोंदणीच्या खिडकीवर त्याच्या पत्नीने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली केशरी शिधापत्रिका काढून दिली. आपल्या नियमाप्रमाणे तिची छायाप्रत घेतली गेली, उपचारात सवलत मिळाली आणि पत्रिका पुन्हा त्या पिशवीत गेली. काही दिवसांनी रुग्णाला घरी सोडताना मी नेहमीप्रमाणे औषधे लिहिली आणि खाली एक ओळ लिहिली : ‘पौष्टिक आहार घ्यावा. डाळी, दूध, अंडी, हिरव्या भाज्या.’ त्या बाईने तो कागद मला वाचून दाखवायला लावला. ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, ‘‘गोळ्या फुकट मिळत्यात, साहेब. डाळ कुठं मिळती तेबी लिहून द्या की.’’

मी हसून वेळ मारून नेली. दुसरे काही मला सुचले नाही. पुढील वर्षी तीच बाई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला दोन महिन्यांपासून खोकला होता, वजन घटले होते. तपासणीत क्षयच निघाला. उपचारांनी ती मुलगी बरी झाली, हे समाधान आहे. परंतु तिच्या आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी एक वर्षापूर्वी शोधले असते, तर कदाचित तिच्यावर ही वेळ आली नसती, ही टोचणी मला आजही आहे. आजचे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे, असे समजावे.

त्या बाईच्या पिशवीतील शिधापत्रिका हा आपण उत्पन्नाचा पुरावा मानला. वास्तविक ती तिच्या कुटुंबाच्या अन्नाच्या हक्काची सनद होती. हा हक्क कसा आला, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे.

या सभागृहातील वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेला तांबडा मिलो, रेशनच्या दुकानापुढील रांगा, हे सारे त्यांनी पाहिले आहे. त्या काळी सरकारकडून मिळणारे अन्न ही मदत होती. मदत देणाऱ्याच्या इच्छेवर आणि कोठारातील शिलकीवर ती अवलंबून असे. पुढे योजना पुष्कळ आल्या. १९७५ मध्ये अंगणवाडीची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, २००० च्या अखेरीस अतिगरीब कुटुंबांसाठी अंत्योदय योजना आली. परंतु योजना ही योजनाच असते. ती बंद झाली, तर नागरिकाला दाद मागता येत नाही.

२००१ मध्ये एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. देशाच्या अनेक भागांत दुष्काळ होता आणि त्याच वेळी भारतीय अन्न महामंडळाची गोदामे धान्याने भरून वाहत होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. जगण्याच्या हक्कात अन्नाचा हक्क येतो की नाही, असा तिचा आशय होता. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन अन्नविषयक सरकारी योजनांना हक्काचे स्वरूप दिले आणि सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले जेवण देण्यास राज्यांना फर्मावले. आज आपल्या खेड्यापाड्यांतील शाळेत दुपारी खिचडीचा वास येतो, त्यामागे हा आदेश आहे.

याच वाटेने पुढे २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत त्याचा लाभ पोहोचावा, अशी देशपातळीवरील मर्यादा त्यात आहे. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळावे, असे कायदा सांगतो. प्रारंभी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते मोफतच राहील, असा निर्णय केंद्र सरकारने घेतला.

या कायद्यातील एक तरतूद मला विशेष मोलाची वाटते. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीचे नाव असावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे मला प्रश्न विचारणारी ती बाई कायद्याच्या दृष्टीने कुटुंबाची प्रमुख होती. मी तिला केवळ रुग्णाची बायको समजत होतो.

आता आपल्यातील काही जणांच्या मनात येईल की, एवढे मोफत धान्य मिळत असताना तक्रार कसली? ‘फुकट खाऊन लोक आळशी होतील’, असेही वाक्य आपण अधूनमधून ऐकतो. त्यांच्यासाठी एक साधा हिशेब मांडतो. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम धान्य. दिवसभर कोयता चालवणाऱ्या माणसाची भूकही त्यात भागत नाही, मग आळस कोठून येणार? उरलेले धान्य, डाळ, तेल, मीठ, भाजी हे सर्व त्याला बाजारातूनच घ्यावे लागते. या १६७ ग्रॅमचे महत्त्व एवढेच, की तेवढे पैसे वाचतात आणि काम नसलेल्या दिवशीही चूल विझत नाही. एवढेच असले, तरी ते थोडे नाही. करोनाच्या टाळेबंदीत एप्रिल २०२० पासून माणशी आणखी ५ किलो धान्य दिले गेले. त्या दिवसांत आपल्या रुग्णांनीच आपल्याला त्याचे मोल सांगितले आहे.

परंतु डॉक्टर म्हणून मला दुसरे आकडेही समोर ठेवले पाहिजेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये पाच वर्षांखालील ३६ टक्के बालके कमी वजनाची होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ३६.१ टक्के आढळले. वयाच्या मानाने उंची खुंटलेली बालके ३४.४ टक्क्यांवरून ३५.२ टक्के झाली. १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्के झाले. कुपोषणाला अनेक कारणे असतात. पिण्याचे पाणी, स्वच्छता, लहान वयातील लग्ने, वारंवार होणारे आजार हे सारे त्यात येते. सगळा दोष एका कायद्याच्या माथी मारणे योग्य नाही. तरीही धान्य घरी पोहोचले, म्हणजे पोषण पोहोचले असे होत नाही, हे या आकड्यांवरून मान्य करावे लागते.

याचे कारण त्या बाईच्या प्रश्नातच आहे. कायदा पोटाला आधार देतो. रक्त, स्नायू आणि रोगप्रतिकारशक्ती यांसाठी प्रथिने लागतात. गंमत अशी, की कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. कायदा झाला तेव्हा त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत गरोदर व स्तनदा मातांसाठी दिवसाला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा आहार ठरवून दिला होता. अंगणवाडीतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने लिहिली होती. मात्र ही आई अंगणवाडीच्या यादीतून बाहेर पडली, मूल शाळेतून बाहेर पडले, बाप आजारी पडला, की घरासाठी कायद्यात उरते ते फक्त धान्य.

प्रथिनांनी खरोखर फरक पडतो काय, असा प्रश्न कोणी विचारील. झारखंडमधील चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर झालेला एक मोठा अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी सहकाऱ्यांसह तो केला. रुग्णाच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. त्यांतील निम्म्या गटातील प्रौढांना दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या देण्यात आल्या. या गटात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. संसर्ग पसरवणाऱ्या क्षयाच्या बाबतीत तर ही घट ४८ टक्के होती.

ही शिधेची यादी मी प्रथम वाचली, तेव्हा क्षणभर थबकलो. पाच किलो तांदूळ! म्हणजे आपल्या कायद्यात लिहिलेले तेवढेच धान्य. त्या बाईच्या घरातील प्रत्येकाच्या नावाने तेवढ्याचा हक्क शिधापत्रिकेवर आधीच नोंदलेला होता. कमी होती ती दीड किलो डाळीची आणि काही गोळ्यांची. दिवसाला ५० ग्रॅम डाळ, म्हणजे एक मूठ. तिच्या मुलीला झालेला क्षय त्या मुठीने टळलाच असता, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण टळण्याची शक्यता बरीच वाढली असती, एवढे शास्त्र सांगते.

मग ही डाळ कायद्यात का नाही? तिच्यासाठी दार मुळीच उघडे नाही, असेही नाही. कायद्याच्या बाराव्या कलमात सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या सुधारणा सांगितल्या आहेत. कालांतराने वितरणातील वस्तूंमध्ये विविधता आणावी, अशी सुधारणा त्यांत आहे. हे ‘कालांतर’ किती, ते मात्र लिहिलेले नाही. काही राज्यांनी त्याची वाट पाहिली नाही. तमिळनाडूत २००७ पासून रेशनवर सवलतीच्या दरात तूरडाळ आणि पामतेल मिळू लागले. छत्तीसगडने केंद्राच्या आधी, २०१२ मध्येच, स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला आणि त्यात धान्याबरोबर आयोडीनयुक्त मीठ, चणे व डाळी यांचा समावेश केला. आपले राज्य तर तुरीचे माहेरघर आहे. लातूर आणि अकोल्याच्या डाळमिल्स देशभर डाळ पाठवतात. मराठवाड्याच्या शेतात तूर पिकते आणि त्याच मराठवाड्यातला ऊसतोड मजूर डाळीवाचून राहतो. शेतकऱ्याची तूर हमीभावाने घेऊन रेशनवर दिली, तर दोन्ही घरांची सोय होईल.

येथे कोणी म्हणेल, त्यासाठी कायदाच कशाला हवा, एखादी योजना पुरे. याला उत्तर म्हणून आपल्याच राज्यातील अलीकडचे उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात मुलांना आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना फळ, देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. वाढत्या वयाच्या मुलांसाठी याहून चांगला निर्णय सापडणे कठीण. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांनी हवे तर लोकसहभागातून अंडी द्यावीत, असे कळवले. शाळेतील भात-खिचडी मात्र थांबली नाही, कारण ती कायद्यात लिहिलेली आहे. शासन निर्णयाने आलेली वस्तू शासन निर्णयाने जाऊ शकते. कायद्याने आलेल्या वस्तूसाठी नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येते.

अर्थात कायद्यात लिहिले म्हणजे आपोआप मिळते, असाही भ्रम नको. प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मातृत्व लाभ मिळावा, असे हाच कायदा सांगतो. प्रत्यक्षात २०१७ पासून राबवलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये ठरले. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,००० रुपये देण्याची तरतूद नंतर, २०२२ मध्ये आली. शिवाय लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवरून बांधलेली आहे. त्यानंतर जन्मलेली मुले आणि विभक्त झालेली कुटुंबे यांना यादीत शिरायला जागा मिळवावी लागते. म्हणूनच कायदा माहीत असणे आणि तो मागणे, ही दोन्ही कामे लोकांची, आणि त्यांच्यासोबत उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांची आहेत.

येथे बसलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना दोन-तीन गोष्टी मुद्दाम सांगतो. आपल्या शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबाचा किंवा अंत्योदयचा शिक्का असेल, तर ते धान्य आपल्याला गावातल्याच दुकानातून घ्यावे लागते, असे नाही. ‘एक देश एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेमुळे देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येते. रुग्णासोबत आपण येथे महिनाभर राहिलात, तर आपल्या वाट्याचे धान्य येथे आणि गावी राहिलेल्यांच्या वाट्याचे तेथे, असेही घेता येते. ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामाला गेलेल्यांनाही हे लागू आहे. दुकानदाराने नकार दिला, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करावी. प्रत्येक जिल्ह्यासाठी तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यासाठी अन्न आयोग यांची तरतूद कायद्यातच आहे. हक्काचे धान्य मिळाले नाही, तर त्याबदली अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. त्या बाईची पत्रिका हंगामभर पिशवीत पडून राहिली, कारण हे तिला कोणी सांगितले नव्हते. मीही नव्हते सांगितले.

आता विश्वस्त मंडळ आणि देणगीदार यांच्यापुढे माझे निवेदन ठेवतो.

पहिले असे, की नोंदणीच्या खिडकीवर आपण शिधापत्रिका मागतोच. तेथेच आणखी दोन प्रश्न विचारावेत : हिच्यावर धान्य मिळते का, आणि शेवटचे कोणत्या महिन्यात मिळाले? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपल्या समाजसेवा विभागाने तो अर्ज किंवा ती तक्रार रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी करून द्यावी. याला खर्च जवळजवळ नाही.

दुसरे, क्षयरुग्णाला घरी सोडताना औषधांच्या पिशवीसोबत डाळीची पिशवी द्यावी, आणि ती केवळ रुग्णाला नव्हे, तर त्याच्या घरातील प्रत्येकाला पुरेल एवढी असावी. उपचार चालू असेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, ती दरमहा मिळावी. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. ही चांगली वाढ आहे. पण ते पैसे रुग्णापुरते असतात आणि घरात ताटे चार-पाच असतात. सप्टेंबर २०२२ पासून व्यक्ती व संस्थांना ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करून रुग्णांना आहाराची शिधा देता येऊ लागली. २०२४ मध्ये रुग्णाच्या कुटुंबीयांनाही त्यात घेण्याचे जाहीर झाले. आपल्या देणगीदारांसाठी ही वाट तयार आहे.

तिसरे निवेदन थोडे अवघड आहे. आपण यंत्रासाठी देणगी देता, तेव्हा त्यावर आपल्या वडिलांचे वा मातोश्रींचे नाव कोरले जाते, आणि ते योग्यच आहे. डाळीच्या पिशवीवर नाव कोरता येत नाही. ती शिजते आणि संपते. एखाद्या घरात पुढच्या वर्षी दुसरा क्षयरुग्ण निघाला नाही, तर त्याची बातमीही होत नाही, कारण न झालेला आजार कोणाला दिसत नाही. अशा न दिसणाऱ्या फळासाठी दान करणे हे मोठ्या मनाचे काम आहे. या संस्थेच्या परंपरेत ते मन आहे, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगतो. आपण कितीही दिले, तरी आपले दान आपल्या दारात आलेल्यांपुरतेच पोहोचेल. शेजारच्या तालुक्यातील, आपल्याकडे कधीच न आलेल्या घरात डाळ पोहोचवायची असेल, तर ती कायद्यातच लिहावी लागेल. म्हणून आपल्या दानाचा उपयोग पुराव्यासारखाही करावा, असे मला वाटते. किती कुटुंबांना डाळ दिली, रुग्णाचे वजन किती वाढले, घरात पुढे कोणाला क्षय झाला काय, याची नोंद आपण नीट ठेवली, तर दोन-तीन वर्षांनी ती शासनापुढे ठेवून आपण म्हणू शकू, की बाराव्या कलमातले ते ‘कालांतर’ आता पुरे झाले.

त्या मुलीचा शेवटचा क्ष-किरण पाहताना मी तिच्या आईला विचारले, ‘‘आता रेशन घेता ना?’’ ती म्हणाली, ‘‘घेतो की, इथल्याच दुकानातनं. तांदूळ मिळतो, गहू मिळतो.’’ आणि थोडे थांबून म्हणाली, ‘‘डाळीचं तुम्ही बघणार व्हता.’’

तिला मी तसे वचन दिल्याचे मला आठवत नाही. पण मी त्या कागदावर ‘डाळी’ असे लिहिले होते, आणि डॉक्टरने लिहून दिले म्हणजे त्याने पत्करले, असे ती समजली. तिचे काही चुकले, असे मला वाटत नाही. आपण सर्वांनी मिळून ते पत्करावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.